गुलाब मुलाण्याची मोजणी

न्हावऱ्याजवळच्या वाडीत जत्रेच्या बोकडाला पहिली सुरी गुलाब मुलाण्याची. तोवर पाटलाच्या चुलीवरसुद्धा पातेलं चढत नाही. माणूस जिभेचा तिखट. कुणाच्या सासूची नक्कल कवा करील, नेम नाही.

मागच्या जूनमध्ये लेकीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला तो शिरूरला गेला. सहीच्या वर छापलं होतं, ‘अल्पसंख्याक’. गुलाबनं अर्थ विचारला.

“संख्येनं थोडे, मामा,” कारकून म्हणाला. “घाबरू नका, तुमच्या फायद्याचंच हाय.”

फायदा झाला, शिष्यवृत्ती मिळाली. पण तो शब्द गुलाबच्या मानगुटीवर बसला. येताना एसटीत तो माणसं मोजत राहिला, आपली किती, बाकीची किती. वाडीत तर मोजायला एकच घर. त्यात खांदा द्यायला पुरुष तो एकटा. ओढ्याकाठच्या कबरस्तानात मात्र एकवीस जण. आपलं बहुमत काय ते तिथंच, असं पारावर हसून सांगायचा. पण घरी म्हातारी आई खोकली, की त्याला जनाजा दिसायचा, त्याच्या चारांतल्या तीन दांड्या मोकळ्या.

गणपती उठले आन् एका सकाळी आई गेली. वाडीची रीत अशी, की मयत झाली की आधी शेजाऱ्याला हाक मारायची. पण खांदा आपल्याच चौघांचा पाहिजे, असं गुलाबच्या डोक्यात घट्ट बसलेलं. त्यानं दार लोटलं, दौंडच्या चुलतभावांना फोन केला आन् बायकोला मोठ्यानं रडूही दिलं नाही.

शेजारच्या पोपटरावाला ती शांतताच खटकली. गुलाबच्या बापाची कबर यानंच खणलेली. दार ढकलून तो आत आला, म्हातारीच्या उशाशी बसला.

“कुणाला कळवलंस?”

“आपल्या माणसांना.”

“आन् मी कोण रं?”

पोपटराव उठला, घरून खोरं घेतलं आन् ओढ्याकडं निघून गेला.

दुपारी दौंडचे चौघं आले, नमाज झाली. जनाजा उचलला तर सगळी वाडी खांद्याला धावली. दर दहा पावलांना माणूस बदलत होता. पुढच्या दांडीखाली गुलाब, बाजूच्या दांडीखाली पोपटराव, हात अजून मातीनं माखलेले. आईसाठी रडायचं राहिलं बाजूला, गुलाब मनात मोजत होता. हा आपला, हा बाकीचा, हाही बाकीचा. थांबायचं कसं, ते त्याला कळेना.