दोन माणसांत दहा पावलं

पोस्टिंग काश्मीरला होती. मी हवालदार, हाताखाली नऊ जवान. काम रोड ओपनिंगचं, म्हणजे लष्कराच्या गाड्या सुटण्याआधी रस्ता पायी तपासायचा. साडेपाचला फॉलइन, सहाला कूच. नऊच्या आत चार किलोमीटर रस्ता आणि त्याखालच्या सहा मोऱ्या बघून रेडिओवर 'रोड क्लिअर' द्यायचं. नियम एकच, आणि तो मी रोज घसा ताणून सांगायचो: दोन माणसांत दहा पावलं. सुरुंग फुटला तर एकच जावा, दोन नकोत.

हा नियम मोडला तो मीच.

लान्स नायक भिवा माझा बडी, म्हणजे जोडीदार. त्या दिवशी सात चाळीसला आम्ही चौथ्या मोरीपाशी होतो. मोरी तपासून झाली, मी हात वर करून क्लिअर दिलं. तंबाखू माझ्याकडे होती, चुना भिवाकडे. मागे न बघता मी म्हणालो, "भिवा, चुना आण." तो रस्त्याच्या कडेनं माझ्याकडे आला. सुरुंग मोरीत नव्हता, कडेच्या दगडांखाली होता.

रेडिओवर मीच बोललो. "एक कॅज्युअल्टी."

"नाम बताओ. ओव्हर."

"भिवा."

"हालत बताओ. ओव्हर."

मी सेट ऑपरेटरच्या हातात दिला.

माझ्या मांडीत छर्रे घुसले. चौकशीत साहेबांनी विचारलं, तो जागा सोडून पुढे का आला? मी म्हणालो, माहीत नाही, सर. कागदावर तेच राहिलं.

निवृत्त होऊन नारायणगावाजवळ टोमॅटो लावायला लागलो. पंधरा ऑगस्टला शाळेत मला भाषणाला बोलवतात. तिथे मी थंडी, बर्फ आणि शौर्य सांगायचो. मोरी सोडून सगळं.

घरात मात्र दहा पावलं चालू होती. बाजारात बायको, सुलभा, शेजारी आली की मी झपझप पुढे. पंगतीत टोकाचं पान धरायचो. माझ्यासोबत चालायचं तर तिला टेम्पो करावा लागेल, असं ती चारचौघांत म्हणायची. कुणी मागून आलं की माझा आवाज चढायचा. मी ह्याला शिस्त म्हणायचो, फौजेतला दहा पावलांचा नियम ऐकवायचो. माझं काहीतरी बिनसलंय हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही कळलं होतं, ती मला बघून वळसा घालायची. कळलं नव्हतं ते फक्त मला.

गेल्या उन्हाळ्यात टोमॅटोच्या मार्केटात मी क्रेट उतरवत होतो. दहावीतली लेक, सायली, शाळेच्या फॉर्मवर सही घ्यायला आली आणि मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझा कोपर जोरात मागे गेला. ती क्रेटवर पडली, मनगट मोडलं. ह्या शूर शिपायाच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "मागून यायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलं?"

प्लास्टर घातलं त्याच दिवशी सुलभा तिला घेऊन जीपनं माहेरी, लोणीला गेली. जाताना एवढंच म्हणाली की आता पावलं मोजत बसा.

पाचव्या दिवशी मी लोणीला गेलो. सासऱ्यांची मेंढरं कांदा काढलेल्या वावरात खतासाठी बसवली होती. सायली लांब बाभळीखाली होती, तिनं मान वळवली. मेव्हणा आडवा आला. "आलं का साहेब? तितंच थांबा. दहा पावलं लांब."

सासऱ्यांनी बसा म्हटलं नाही. काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "पावणं, बिबट्यानं धरून सोडल्यालं मेंढरू कळपात टिकत न्हाई. जवळ येईल त्याला टक्कर देतं. त्याला हाणून उपेग नसतो. धरायचं, लोकर बाजूला करायची, दात कुठं लागल्यात ते बघायचं." मग सुलभाकडे वळले. "तू बघितलं का कवा?"

जावयाला मेंढरू म्हटल्यावर उठून जायला हवं होतं. पण मी आधीच उभा होतो.

"बोला," सुलभा म्हणाली. "कुठं लागलंय?"

मी मांडीकडे हात नेला.

"ते मला ठाऊक हाय. दुसरं."

मग मी चुन्याचं सांगितलं. चौकशीत काय बोललो तेही. मेव्हणा खाली बघायला लागला. सुलभाच्या डोळ्यांत दया-बिया काही नव्हती, ती भडकली होती. "बारा वर्सं मला वाटलं, तुमाला माझा वीट आलाय. येवढं सांगायला तोंड न्हवतं?"

तिची अट एकच होती. हेच पोरीला सांगायचं, आणि माफी मागायची. पोरगी येते म्हणाली तर दोघी येणार, नाही तर मी एकट्यानं भाकरी थापायची.

सायलीनं सगळं ऐकून घेतलं, माफीही. प्लास्टरकडे बघत म्हणाली, "पप्पा, तुम्ही मला ढकललं, का त्याला?"

"त्याला," मी म्हणालो. "तो पुढं येऊ नये म्हणून."

आठ दिवसांनी दोघी घरी आल्या. सुलभानं मला लष्करी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरांकडे नेलं, अजून जातो. घरात आता मागून येणारा आधी हाक मारतो. आवाज चढायला लागला की मी 'थांब जरा' म्हणतो आणि अंगणात जातो. भांडणं होतात, पण ती आता भाजी आणि फवारणीवरून होतात. बाजारात सुलभा शेजारून चालते. मला घाम फुटतो. ती वेग कमी करत नाही.

मी भिवाच्या आईला फोन केला. खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता का सांगतोस?" आणि, "परत फोन करू नकोस." मी त्यांना पुन्हा त्रास दिला नाही. त्यांचा राग खरा आहे.

ह्या वर्षी शाळेत मी शौर्य सांगितलं नाही. माणूस सांगितला. लान्स नायक भिवा, वय चोवीस. पत्त्यांत सगळ्यांदेखत लबाडी करायचा आणि पकडला की स्वतःच आधी हसायचा. रजेचा अर्ज तीनदा लिहून फाडला, कारण अक्षर वाईट आलं. तो जागा सोडून पुढे आला नव्हता. मी बोलावलं होतं.