तिला जाग येईपर्यंत

शाळेच्या फाटकाशी आले की आबा डोक्यावरची टोपी काढून हातात घ्यायचे आणि वॉचमनला सांगायचे, "मी लोकल." पुढचा 'गार्डियन' हा शब्द त्यांना येत नव्हता असं नाही. पाटबंधारे खात्यात जन्म गेलेला माणूस, साहेबांची इंग्रजी पत्रं वाचलेला. पण तेवढ्यावरच थांबायचे आणि वर हसून म्हणायचे, "लोकल म्हंजी हलका माल न्हवं, बरं का."

आमची शाळा इंदापूर रस्त्याला, चारी बाजूंनी ऊस. नव्वदच्या दशकात असल्या शाळांची भारी नवलाई होती. पाटीवर 'इंटरनॅशनल' लिहिलेलं, आणि ते खरं ठरवायला आखातातून आलेली काही मुलं वसतिगृहात ठेवलेली. मी मुलींची रेक्टर. आईबाप परदेशी असले की मुलासाठी जवळपासचा एखादा पालक नेमून द्यावा लागे. तो लोकल गार्डियन. बहुतेक लोकल गार्डियन एकदा सही करून जे गायब होत, ते थेट स्नेहसंमेलनाच्या जेवणाला उगवत. आबा मात्र दर रविवारी सकाळी विहारात वंदना आटोपली की लुनाला पायडल मारून सांगवीहून येत आणि सायलीला दिवसभरासाठी घरी नेत.

सायली मस्कतहून आली होती. तिचे वडील आबांच्या खात्यातल्या जुन्या सोबत्याचा मुलगा, एवढीच काय ती ओळख. मस्कतला एका दुपारी ही पोर झोपली असताना तिच्या आईला दवाखान्यात हलवलं. हिला जाग आली तेव्हा घरात शेजारीण बसलेली. आई परत आलीच नाही. त्यानंतर वडिलांनी हिला आमच्याकडे आणून सोडलं, आणि हिने झोपणंच सोडलं. कॉटवर पाठ टेकून बसून राहायची. डोळा लागला तरी दचकून उठायची.

आम्ही आमच्या परीने सगळं केलं. डॉक्टर झाले, गरम दूध झालं, प्रार्थना झाली. एका नामांकित वक्त्यांना बोलावून मनाच्या सामर्थ्यावर भाषणसुद्धा ठेवलं. बाकीच्या सगळ्या मुली गाढ झोपल्या. ही एकटी टक्क जागी.

पण आबांकडे जायला लागल्यापासून रविवारी संध्याकाळी ती परतायची ती टवटवीत चेहऱ्याने. संशय घेणं हे रेक्टरचं कामच. मी आबांना विचारलं, दिवसभर तुम्ही हिला करता तरी काय? ते म्हणाले, "काय न्हाय. झोपती."

माझा विश्वास बसेना. एका रविवारी न सांगता सांगवी गाठली. मधल्या खोलीत वाकळ अंथरलेली, तिच्यावर सायली हातपाय पसरून झोपलेली. उंबऱ्याशी खुर्ची टाकून आबा बसलेले. हातात काठी, कोंबड्या हाकायला. शेजारचा गडी काही विचारायला आला, तर त्याला काठीनेच परत धाडलं. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, तेव्हा ड्रायव्हरकडे असं बघितलं की त्याने पुढच्या वेळी दुसरा रस्ता धरला असेल. मी बोलायला तोंड उघडलं, तर मलाही ओठांवर बोट.

मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तिला सांगितलंय, डोळं उघडशील तवा ह्या खुर्चीत मी दिसन. तवर लघवीला सुदिक उठणार न्हाय."

घरात दुसरं कोणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. चुलीजवळ एक ताट, एक तांब्या. मी तिकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं असावं. म्हणाले, "रातचं मला बी झोप न्हाय लागत, बाई. ही हितं झोपली की घरात माणूस हाय आसं वाटतं."

वर्षभराने सायलीचे वडील आले. दुबईला चांगली नोकरी मिळाली होती, मुलीला आता जवळच ठेवणार होते. विमान त्याच रात्री मुंबईहून. वार नेमका रविवार, त्यामुळे सायली सांगवीला. रस्ता दाखवायला मी भाड्याच्या गाडीत पुढे बसले.

आम्ही पोचलो तेव्हा ती झोपेत होती. वडिलांनी वाकून तिला तशीच अलगद उचलली. आणि ट्रॅक्टरवाल्याला गप्प करणारे आबा चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "उठवा तिला. सांगून न्या."

वडील अजिजीने म्हणाले, "नको काका. उठली तर रडेल. मला तिचं रडणं सोसत नाही."

वाईट माणूस नव्हता तो. बायको गेल्यापासून मुलीच्या रडण्याला भ्यालेला. सायलीला घेऊन तो मागच्या सीटवर बसला, तिने कूस बदलली, पण जाग आली नाही. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मी पुढचं दार उघडते तोवर आबा येऊन माझ्या जागेवर बसलेसुद्धा. अंगात बंडी, पाय अनवाणी. मागे वळून त्यांनी तिच्याकडे तोंड केलं आणि मला एवढंच म्हणाले, "बाई, दाराला कडी घाला."

गाडी गेली. मी वाकळ घडी करून ठेवली. जरा वेळ बसावं म्हटलं, पण त्या घरात मला बसवेना. कडी घालून मी जीप धरली.

दोन-तीन दिवसांनी आबा शाळेत आले. पाय सुजले होते. मी चहा मागवला आणि विचारलं, कुठवर गेला होतात?

"पार पुण्याच्या वाटंला, यवतच्या अलीकडं जागी झाली. माझ्याकडं बघितलं, मग बापाकडं. म्हटलं, बाळ, आता पप्पासंगं जा. मी हितं उतरतो."

"काय म्हणाली?"

"व्हय म्हणाली. रडली न्हाय." त्यांनी बशी खाली ठेवली. "मी बी न्हाय रडलो. गाडी दिसत हुती तवर."