‘काही व्यापारी गाव सोडून गेले’

अदीना पेणकर इंग्लंडमधल्या वेनफर्डची गाईड झाली तेव्हा साठीला टेकली होती. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात तीस वर्षं बाळंतपणं केली आणि रिटायर झाल्यावर नवऱ्याबरोबर या चिमुकल्या यात्रेच्या गावी येऊन राहिली. घरी बसून राहणं तिच्या स्वभावातच नव्हतं. दर रविवारी ती यात्रेकरूंना गाव दाखवी: मठाच्या पडक्या भिंती, पवित्र विहीर, गुडघ्यांनी झिजलेल्या पायऱ्या आणि बालसंत हॅमोची समाधी.

आता हा हॅमो कोण? बाराव्या शतकात ओढ्यात मेलेलं सापडलेलं एक पोर. गावाने ठरवून टाकलं, ज्यूंनी मारलं. ना पुरावा, ना साक्षीदार! एका सकाळी ज्यूंच्या गल्लीतली सतरा माणसं कापून काढली आणि पोराला संत केलं. मग यात्रेकरू आले, धर्मशाळा उठल्या, गाव गब्बर झालं. गाईडच्या कार्डावर मात्र एवढंच वाक्य: ‘काही व्यापारी गाव सोडून गेले.’ सोडून गेले म्हणे!

अदीना स्वतः ज्यू. घराणं मूळचं पेणचं, ती मुंबईत वाढलेली, घरात अजून मराठी बोलणारी. गावातले लोक तिला हिंदू समजून दिवाळीच्या शुभेच्छा देत आणि तीही हसून घेई. नऊ वर्षं तिने कार्डावरचं वाक्य मुकाट्याने म्हटलं.

त्या रविवारी गाईडांची प्रमुख सॅली तपासणीसाठी तिच्या मागून चालणार होती. सकाळपासून अदीनाचा जीव थाऱ्यावर नव्हता.

“अहो, आज खरं सांगून टाकू का?” तिने नवऱ्याला, हिलेलला विचारलं.

“अगं, नऊ इयर्स झाली. आता कशाला? इथले लोक किती नाइस आहेत.”

“म्हणून तर भीती वाटते. उद्या नाइस राहिले नाहीत तर?”

हिलेल टोस्टला बटर लावत राहिला.

गल्लीच्या तोंडाशी तिने कार्ड काढलं. तेवढ्यात पिवळ्या रेनकोटातल्या एका बाईने विचारलं, “पण त्या मुलाला मारलं कुणी?” नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

“कुणालाच ठाऊक नाही,” अदीना म्हणाली. “आळ मात्र माझ्या लोकांवर आला.”

“इंडियन्सवर?” कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

वेळ मारून न्यायला एवढं हसू पुरे होतं. अदीनाही हसायला गेली, पण जमलं नाही.

“ज्यूंवर,” ती म्हणाली. “मी ज्यू आहे. इथे सतरा जणांना मारलं.”

मग ती विहिरीकडे निघाली, तशी सगळी मंडळी मागोमाग आली. तिथे आपण काय बोललो, ते तिला नंतर आठवेना.

टूर संपल्यावर सॅली जवळ आली. झालं, आता गाईडपण गेलंच, असं अदीनाला वाटलं.

“ते वाक्य मीच लिहिलंय,” सॅली खाली बघत म्हणाली. “वीस वर्षांपूर्वी. मला सगळं माहीत होतं. गावात आम्हा सगळ्यांनाच.” तिने पेन पुढे केलं. “आता तू लिही. सगळे गाईड तेच म्हणतील.”

इतकी वर्षं अदीना समजत होती, गावाला माहीतच नाही. माहीत होतं, आणि तरी वीस वर्षं तेच वाक्य चालवलं! भीती कमी व्हायची, तर उलट वाढली. तिने पेन घेतलं. ‘काही व्यापारी’ हे शब्द तिने इतक्या जोराने खोडले की कार्ड तिथे फाटलं.