गौरीचं नाक

"आमच्या गौरीले तिसऱ्यांदा विकलं." वर्ध्याच्या नालवाडीत राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात शेजारचे मामा कुंपणापलीकडून हे सहज म्हणाले, आणि माझ्या हातून ओल्या कपड्यांची बादली सुटली. माणूस तर सभ्य दिसत होता. इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्म्याचं घर. मी घरात येऊन यजमानांना म्हटलं, "पोलिसांत सांगायला हवं." तेवढ्यात मामी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वड्यांची ताटली घेऊन आल्या. माझा चेहरा पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "अवो ताई, विमान आहे थे! पोरगी नाई."

मामा मुंबईला एका विमान कंपनीत मेकॅनिक होते. त्यांच्या धंद्यात विमान ओळखतात ते नोंदणीच्या शेवटच्या अक्षरांनी. या विमानाची अक्षरं जी आणि आर. मामांनी त्याची गौरी केली आणि हँगरभर तेच नाव झालं. निवृत्त होऊन वर्ध्याला आले तरी जुन्या सोबत्यांना फोन करून ते तिचा ठावठिकाणा विचारत.

ती कोरी आली तेव्हा तिच्यातून साहेब लोक जात. मग कंपनी बुडाली. परदेशातल्या दुसऱ्या कंपनीनं तिला घेतलं, अंगावरचा रंग बदलला. पुढे आपल्याच देशातल्या तिसरीनं घेतलं आणि आतल्या खुर्च्या उपटून माल भरला. "मागच्या महिन्यात गौरीनं कोंबडीची पिल्लं नेली," असं मामा सांगत तेव्हा मीच हादरून जाई. मामांना त्यात कमीपणा वाटत नसे. "पिल्लं असोत का मंत्री," ते म्हणत, "उतरवायचं हळूच." मामी आतून टोला हाणत, "माह्या बांगडीचं माप इचारा बरं यायले. नाई सांगता येणार."

वय वर्षांत मोजणं त्यांना पटत नसे. वर चढताना विमानाचं अंग आतल्या हवेनं किंचित फुगतं, खाली आल्यावर बसतं, आणि या फुगण्या-बसण्यानंच पत्रा थकतो. म्हणून विमानाची उड्डाणं मोजतात. माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्यांनी विचारलं, "वर्षं सोडा ताई. चढ-उतार किती झाले थे सांगा." मी पतसंस्थेत हिशेब लिहिणारी, त्या रात्री वहीत दोन रकाने आखून बसले.

शेवटी गौरी थकली. नागपूरला धावपट्टीच्या कडेला ती उभी राहिली, इंजिनं काढून नेली गेली. चौथं गिऱ्हाईक आलं ते भंगारवाल्याचं, किलोच्या भावानं. मामांनी जेवण टाकलं. त्याच सुमारास कळलं की वडनेरजवळ, हायवेला लागून शेत असलेल्या नानाभाऊंना विमानात हॉटेल काढायचं आहे. मामा बस पकडून गेले आणि त्यांच्या मागेच लागले. नानाभाऊंनी भंगारवाल्याकडून गौरी उचलली. पंख काढायची वेळ आली तेव्हा गॅस कटर घेऊन आलेल्या माणसाला मामांनी हटकलं आणि एकेक बोल्ट सोडवून घेतला. "कापलं का भंगार," ते म्हणाले. "खोललं तं विमान."

ट्रेलर वडनेरला पोचला त्या सकाळी मामा-मामींबरोबर आम्हीही गेलो. डफडं वाजत होतं, बायका आरत्या घेऊन उभ्या होत्या. नानाभाऊ टेबलावर चढले. गावात नवा ट्रॅक्टर आला की बंपरवर नारळ फोडतात, तसाच त्यांनी तो गौरीच्या नाकावर हाणला. "नाकावर नाई!" मामा ओरडले. उशीर झाला होता. नारळ अख्खाच्या अख्खा खाली गडगडला. नाकाला भोक पडलं होतं.

डफडं थांबलं. जगभरच्या गारा-वादळांतून आलेलं यंत्र एका नारळानं फुटावं! नानाभाऊंनी भोकात बोट घातलं.

"हे तं पुठ्ठ्याचं निघालं! मामाजी, फसवलं तुम्ही मले. उतरवू नका रे, जाऊ द्या वापस भंगारात!"

मामा पुढे झाले. "नाक पत्र्याचं नसतेच, नानाभाऊ, फायबरचं असते. त्याच्या मांगं रडार राह्यते. पुढचं वादळ त्याले नाकातून दिसलं पाह्यजे. पत्र्याआडून नाई दिसत. आता उन्हात पडून पडून वाळलं थे."

गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "नाक नाजूक निघालं म्हून सून वापस धाडते का रे नाना?" लोक हसले. नानाभाऊ हसले नाहीत. "दुरुस्त होते का?" त्यांनी विचारलं. "नाई झालं तं भंगार. सांगून ठेवतो."

"होते," मामा म्हणाले.

त्यानंतर मामा रोज वडनेरला जात. हिंगणघाटला पाण्याच्या टाक्या जोडणाऱ्याकडून त्यांनी फायबरचं कापड आणि चिकट रसायन आणलं. थरावर थर बसवायचा, वाळला की घासायचा. नानाभाऊ सुरुवातीला दुरून पाहत, मग स्वतः छत्री धरून उभे राहू लागले, मग मामांचं जेवण त्यांच्याच घरी होऊ लागलं. रंग लागल्यावर नानाभाऊंनी परीक्षा म्हणून मूठ उगारली. मामांनी मनगट धरलं. "मारून काय पाह्यता? हात फिरवा." नानाभाऊंनी हात फिरवला. हॉटेल सुरू झालं.

मागच्या हिवाळ्यात मामा गेले. संध्याकाळी चहा मागितला आणि तो येईपर्यंत खुर्चीतच गेले. आजारपण नाही, काही नाही. नानाभाऊंना कळवायचं काम मामींनी माझ्याकडे दिलं. मी फोन करून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "ताई, लेक सासरी गेलेली असली, तं बापाचं सुतक तिले तीन दिवसाचं असते ना?"

मला वाटलं, त्यांच्या घरातलंच काही विचारत आहेत. मी हो म्हटलं.

"मंग तीन दिवस गौरीत गॅस पेटत नाई," नानाभाऊ म्हणाले.