लाल रस्त्यावर आम्ही दोघं

लग्नाला पस्तीसेक वर्षं झाल्यावर मी आणि माझे यजमान पहिल्यांदा सलग एका घरात राहायला लागलो. तोवर ते जमलंच नव्हतं. ते एसटीत ड्रायव्हर, सोलापूर डेपोत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माझी बदली कधी सांगोल्याकडं, कधी मंगळवेढ्याकडं. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या रात्री ते मी असेन त्या बाजूची मुक्कामी गाडी मागून घ्यायचे, यायचे, जेवायचे, झोपायचे आणि उजाडायच्या आत गाडी काढायचे. लेक माझ्याजवळ वाढली. गावातल्या बायका म्हणायच्या, "तुमचं बरं हाय बाई, भांडायलाच सवड न्हाय."

मग दोघंही निवृत्त झालो. जुळे सोलापुरात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतलेला होताच, तिथं राहायला गेलो. आणि दोघांचंही घरात चित्त लागेना.

ते सकाळी चहा झाला की स्कूटर काढायचे. विचारलं की म्हणायचे, "येतो जरा." ते स्टँडवर जाऊन बसतात हे मला शेजारणीकडून कळलं. गाड्या लागतात, सुटतात, ते बघत बसायचे. जेवायला यायचे आणि ऊन उतरलं की पुन्हा जायचे. मीही काही कमी नव्हते. घर आवरून झालं की मला भिंती खायला उठायच्या. भाजी घरात असली तरी मी भाजीला निघायचे. ओळखीच्या शाळेत जाऊन उगीच व्हरांड्यात उभी राहायचे. संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसलो की दोघांनाही काय बोलावं सुचत नसे. टीव्ही लावायचा. तोही ते सारखा बदलत राहायचे.

लेक ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला असते. ती आणि जावई दोघंही नोकरी करतात. तिनं बोलावलं म्हणून आम्ही गेलो. पहिले काही दिवस बरे गेले. नंतर तिथंही तेच. दोघं सकाळी कामाला गेली की त्या शांत गल्लीत आम्ही दोघंच. फुटपाथ असा स्वच्छ, की त्यावर चालायलाही कुणी नाही. यजमान खिडकीशी उभे राहून जाणाऱ्या गाड्या बघायचे. समोरच्या घरापुढं एक कॅरावॅन उभी असायची. गाडीला मागं जोडायचं चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, बेसिन, सगळं. ते रोज तिला एक फेरी मारून यायचे. चाकं दाबून बघायचे.

एका रविवारी जेवताना ते म्हणाले, "मी आन् तुझी आई जरा आतल्या भागात जाऊन यावं म्हणतो. त्या समोरच्या गाडीतनं. मालकाला इचारलंय मी."

लेकीनं चमचा खाली ठेवला. "बाबा, ते आउटबॅक आहे. शंभर-शंभर किलोमीटर माणूस दिसत नाही. फोन लागत नाही. आणि लायसन?"

ते उठले, आत गेले आणि बॅगेतून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन आले. सोलापुरातून निघतानाच काढलेला, मला एका शब्दानं न सांगता. लेक माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "जाऊ की." त्या घरातून बाहेर पडायला मला कुठलंही निमित्त चाललं असतं.

जावयानं त्याच्या गाडीला कॅरावॅन जोडायची कशी, मागं कशी घ्यायची, ते दोन-तीन वेळा करून दाखवलं. मागं घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. आयुष्यभर एसटी चालवलेल्या माणसानं पहिल्याच झटक्यात शेजाऱ्याची कचऱ्याची पेटी आडवी केली. पण दोन दिवसांत हात बसला. लेकीनं भारतीय दुकानातून ज्वारीचं पीठ, डाळी, शेंगदाण्याची चटणी असं सगळं भरून दिलं आणि आम्ही उत्तरेकडं निघालो.

शेतं संपली, झाडं बुटकी झाली, माती लाल होत गेली. रस्ता असा सरळ, की पट्टी धरून आखल्यासारखा. गावं यायची, पण गाव म्हणजे काय? एक रस्ता, एक पेट्रोलपंप, दारूचं एक जुनं दगडी हॉटेल, धान्याचे उंच गोल बुरूज आणि बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. समोरून एखादी गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा. ती तिथली ओळख दाखवायची रीत. यजमानांना ते फार आवडलं. ते मात्र बोट नाही, अख्खा हात वर करायचे, एसटीवाला एसटीवाल्याला करतो तसा.

पण थांबायचं नाव नाही. मी म्हणायचे, "अहो, इथं जरा उतरू या." ते म्हणायचे, "पुढं बघू." पुढं गेल्यावर त्याच्याही पुढं. संध्याकाळी कॅरावॅन लावायच्या जागी पोचलो की ते चाकांना अडण लावायचे, पाण्याचा पाइप जोडायचे आणि लगेच नकाशा उघडायचे. मी आत भाकरी थापायला लागले की सगळी कॅरावॅन डुलायची आणि ते बाहेरून ओरडायचे, "हळू! स्प्रिंगा जातील." त्या एवढ्याशा जागेत एकजण उठला की दुसऱ्यानं बसायचं. सोलापुरात निदान स्टँड होता. इथं पळायला जागाच नव्हती.

एका गावात मात्र माझा जीव रमला. किराणा घ्यायला गेले, तर दुकानातल्या बाईनं विचारलं, कुठून आलात? मी शिक्षिका होते म्हटल्यावर ती मला हाताला धरून शेजारच्या हॉलमध्ये घेऊन गेली. तिथं बायका गोधड्या शिवत बसल्या होत्या. मला गंमत वाटली, गोधडी इथंही! मी सुई मागून घेतली आणि आमच्याकडं घालतात तसे बारीक धावदोऱ्याचे टाके घालून दाखवले. बायका खुर्च्या ओढून जवळ आल्या. उद्या शाळेतली मुलं येणार आहेत, तू त्यांच्याशी बोल, म्हणाल्या. मी हो म्हणून आले.

कॅरावॅनपाशी आले तर यजमानांनी पाइप गुंडाळून ठेवलेला.

"उद्या सकाळी लवकर निघू," ते म्हणाले.

"उद्या मी शाळेत जाणार आहे."

"कसली शाळा? आता रिटायर झालीस की तू."

"आणि तुम्ही? तुम्ही झालात का रिटायर? कुठं जायचंय तुम्हाला? कोण वाट बघतंय पुढं?"

"पाऊस यायचा हाय. रस्ता बंद झाला तर अडकून पडू."

"मग पडू! मी काय तुमच्या टपावरचं सामान आहे? बांधलं की चालले?"

त्यांनी पाइप उचलून आत टाकला. सकाळी मी हॉलमध्ये जाऊन त्या बायकांना, जमणार नाही, असं सांगून आले. त्यांच्यापुढं खोटं हसताना तोंड दुखलं. मग गाडीत बसले आणि दुपारपर्यंत बोलले नाही. खिडकीतून लाल माती बघत मनात ठरवत होते, की परत गेलं की मी लेकीकडंच राहणार. यांनी खुशाल स्टँडवर जाऊन बसावं.

पाऊस आलाच. आम्ही डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला लागलो होतो. एका मेंढ्यांच्या रानात मुक्काम करायचा होता. असल्या मोठ्या रानाला तिकडं स्टेशन म्हणतात. जेमतेम तिथं पोचलो आणि आभाळ फाटलं. आपल्याकडं पावसाचं काय ते कौतुक, तिथं मात्र घरमालकीण दारात येऊन म्हणाली, "आता रस्ता बंद. ओल्या मातीत गाडी घातली तर रस्ता खराब होतो, दंड बसतो. वाळेपर्यंत इथंच राहा."

ती आमच्याच वयाची. उन्हानं भाजलेली, पायात गुडघ्यापर्यंत बूट. नवरा आणि ती, दोघांत ते सगळं रान सांभाळायचे.

यजमानांची अवस्था बघवेना. ते कॅरावॅनभोवती फेऱ्या मारायचे. रस्त्यापर्यंत जायचे, बोटानं चिखल दाबून बघायचे, परत यायचे. त्यांचं बालपण मेंढरांमागं गेलेलं. वडील दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे. आज या शिवारात, उद्या त्या. म्हणून त्यांना वाटलं, आपण निदान मेंढरांत रमू. कुंपणापाशी जाऊन त्यांनी वडील घालायचे तशी लांब हाळी घातली. एका मेंढीनं मान वर केली, बघितलं आणि पुन्हा चरायला लागली. बाकीच्यांनी तेवढीही दखल घेतली नाही. तिथं मेंढ्या मोटारसायकलीनं वळवतात. ते परत आले आणि पायरीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मालकिणीनं मला चहाला बोलावलं. बोलता बोलता विचारलं, "तू चालवतेस ना गाडी?"

"नाही."

"आणि नवरा कोण होता म्हणालीस?"

"ड्रायव्हर. बस चालवायचा."

ती एवढी हसली, की चहा सांडला. मग उठून दारामागची किल्ली काढली. "चल."

घरामागं विमान उतरवायची मातीची धावपट्टी होती. तेवढा भाग मुरमाड, पाणी निचरून गेलेला. तिनं मला एका जुनाट, मागं हौदा असलेल्या गाडीत बसवलं. खासगी जागा आहे, कुणी विचारणार नाही, म्हणाली. मी पहिल्यांदा क्लच सोडला तेव्हा गाडी शेळीसारखी उडी मारून बंद पडली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मात्र चाक सरकलं. हळूहळू मी त्या मोकळ्या पट्ट्यावर गाडी नेली. माझ्या हातानं, माझ्या पायानं. समोर काहीच नव्हतं, ना माणूस, ना भिंत. छातीत असं काही धडधडलं, की मी मोठ्यानं मराठीत काहीतरी ओरडले. ती शेजारी बसून टाळ्या वाजवत होती.

पट्टीच्या टोकाला यजमान येऊन उभे होते. मालकीण उतरली, त्यांना म्हणाली, "बस आता तू," आणि चालत निघून गेली.

ते बाजूच्या सीटवर बसले. मी गिअर टाकला. ते म्हणाले, "क्लच, क्लच! अगं बघ की पुढं!" मी गाडी थांबवली. "ओरडणार असाल तर उतरा." ते उतरले नाहीत. मी पुन्हा निघाले. त्यांचा उजवा पाय खाली सारखा ब्रेक दाबत होता. हात मांडीवरून दारावर, दारावरून डॅशबोर्डवर.

"काय झालं?" मी विचारलं.

"मला बाजूला बसायला जमतच न्हाय. हातांचं काय करायचं तेच कळंना."

मी हसले, तसे तेही हसले. मग पट्टीच्या दुसऱ्या टोकाला मी गाडी बंद केली. वारा गार होता. ते समोर बघतच म्हणाले, "जुळे सोलापुरातल्या घरात बी असंच हुतंय. तू तुझं आवरत असतीस. सगळं तुझ्या हाताखालचं. मला वाटतं, मी पाव्हणा आलोय. किती दिवस राहायचं ते न्हाय कळत. म्हनून स्टँडवर जातो. तितं मला ओळखत्यात."

मी शाळांच्या गावी राहिले, भाड्याच्या खोल्यांत. तो फ्लॅट त्यांच्या फंडातून घेतलेला. त्यांचं नाव दारावर. मी रोज ते घर पुसायचे, ते दुसऱ्याचं घर नीट ठेवावं तसं.

"मला वाटायचं, ते तुमचं घर आहे," मी म्हणाले. "मला वाटायचं, मीच पाहुणी."

ते माझ्याकडं वळले. "आँ? मग त्या घरात राहतंय तरी कोन?"

रस्ता वाळेपर्यंत मी रोज गाडी शिकले. तेही रोज शेजारी बसले आणि निम्म्या वेळा ओरडले. एकदा मी कुंपणाचा खांब वाकवला, तेव्हा मात्र न ओरडता त्यांनी मालकाबरोबर तो उपटून नवा रोवला. निघताना मालकीण म्हणाली, "रस्ता उघडलाय म्हणून लगेच पळू नका." यजमानांनी मान डोलावली आणि अर्ध्या तासात गाडी काढली. सवय अशी कुठं एका पावसात जाते? पण पुढच्या गावात त्यांनी आपण होऊन गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, "हितं उतरायचं का तुला?" तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. तरी मी उतरले.

सोलापूरला आल्यावर मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तिथला माणूस म्हणाला, "सुनेला शिकवायचंय का, मावशी?" मी म्हटलं, "मावशीलाच." परवाना पहिल्या परीक्षेत मिळाला नाही, दुसऱ्या वेळी मिळाला. आम्ही एक जुनी व्हॅन घेतली, मागच्या सीटा काढून गादी घातली, छोटी शेगडी ठेवली. सोसायटीतली माणसं पार्किंगवरून कुरकुरतात. लेक फोनवर म्हणते, "या वयात हे काय?"

यजमान अजून स्टँडवर जातात, रोज नाही. मी अजून दुपारी कासावीस होते. घरात आता भांडणं होतात, चांगली खणखणीत, आणि त्यांचं मला बरं वाटतं. चित्त काही थाऱ्यावर आलेलं नाही. फक्त दोघांचंही तसंच आहे, हे आता दोघांना ठाऊक आहे.

परवा हायवेनं टेंभुर्णीपर्यंत गेलो, मी चालवत. उसाचे ट्रॅक्टर, कंटेनर, सगळ्यांतून काढली. टेंभुर्णीला चहा घेतला. ते म्हणाले, "झालं की आता. ऊन वाढायच्या आत माघारी फिरू. माझी पाठ दुखतीया."

मी चौकात उभी राहून फुटणारे रस्ते बघत होते. अकलूजच्या बाजूला एक एसटी वळली. पाटीवर नातेपुते होतं. मी तिथं कधीच गेले नव्हते.

"पाठीमागं गादी आहे," मी म्हटलं. "आडवे व्हा थोडा वेळ."

ते कुरकुरत मागं जाऊन पडले आणि मी गाडी अकलूजच्या रस्त्याला लावली.