चार कोट आणि एक खुर्ची

गेल्या लोकसभेचा निकाल लागला तेव्हा कोणत्याच एका पक्षाला पुरतं बहुमत मिळालं नाही. दिल्लीत सरकार कसं बनतं याची मला आयुष्यात कधी पडलेली नव्हती. त्या आठवड्यात मात्र मी सकाळ-संध्याकाळ टीव्हीसमोर बसले होते, कारण तिथलं मंत्रिमंडळ ठरलं की माझं घर राहणार की बंद होणार तेही ठरणार होतं.

माझा मुलगा एका खासदाराचा सचिव आहे. खासदार आमच्या भागातले नाहीत, वर देशावरचे आहेत. पक्ष छोटा, निवडून आलेले चौघं. एरवी त्यांना कोणी विचारलं नसतं. पण मोठ्या पक्षाला आकडा कमी पडत होता, तेव्हा चौघांना एकदम भाव आला. मुलाचे साहेब मंत्री होतील असं सगळे म्हणायला लागले. साहेब मंत्री झाले की मुलाला कायमचं दिल्लीत राहावं लागणार, सून नि नात त्याच्याबरोबर जाणार. मग इथल्या, सांडोर गावच्या घराला कुलूप, केळीची वाडी कोणाला तरी कसायला द्यायची, आणि मी विरारला मुलीकडे, चौथ्या मजल्यावर. मला जायचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ती बाहेरच्याला चटकन कळत नाही, म्हणून इथे सगळं शाळेच्या मराठीत लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. तेवढी पुरली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मुलाचा दिल्लीहून फोन आला. आवाजातच पेढे वाटत होता.

"आई, मोठ्या पक्षाशी बोलायला आमच्या अध्यक्षांनी साहेबांनाच पुढे केलंय. दोन मंत्रिपदं मागितलीत."

"दोन दिली तर उरलेले दोघं काय करणार?"

"ते बघू. चौघांनीही शपथविधीला कोट शिवायला टाकलेत. चौघांत एक बाई आहेत, त्यांनी साडीवरचं जाकीट टाकलंय, कोटच धर. शिंपी एकच. तो पण हसतोय."

मंत्रिपदं दोन मागितलेली, मिळालेलं अजून एकही नाही, आणि कोट चार. मी केळीला पाणी सोडायला गेले. सून मात्र दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवर दिल्लीच्या शाळा बघायला लागली. तिची चूक नाही. ती नोकरी सोडून जाणार होती, तिला मुलीची सोय बघायलाच हवी होती. नात विचारत होती, "तिकडे चर्च आहे का?" सून म्हणाली, "आहे गं, मोठं आहे." त्या बोलण्यात मी कुठे नव्हते. तेही बरोबरच होतं म्हणा, माझी व्यवस्था विरारला झालीच होती.

माझी धाकटी जाऊ शेजारीच राहते. दोन्ही घरांची वाडी एकत्र, विहीर एक, पंप एक. पाण्याच्या पाळीवरून आम्ही दोघी वीसेक वर्षं भांडलो असू. ती कुंपणापाशी येऊन म्हणाली, "काय मंत्रीणबाई, आता आमच्या हातचं पाणी प्याल की नाही?"

"मंत्री तो खासदार होणार. माझा मुलगा त्याच्या फायली उचलणार."

"फायली उचलायला दिल्ली? इथे घड उचलायला माणूस मिळत नाही ते बघ."

ते खरं होतं. शेवटची सुकेळी चालली होती. राजेळी केळी सोलून आठवडाभर उन्हात वाळवायची, मग केळीच्याच सुक्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सालीत, गुंडाळून घट्ट बांधायची. आभाळ भरायच्या आत सगळं आटपावं लागतं. आम्ही दोघी माझ्या ओटीवर बसून बांधत होतो आणि समोर टीव्ही लावून ठेवला होता.

टीव्हीवर आमच्या घरासारखंच चाललं होतं, फक्त कपडे चांगले. एका मित्रपक्षाला रेल्वे हवी होती. दुसऱ्याला शेती नको होती, कारण शेतीत शिव्याच खाव्या लागतात. तिसरा म्हणत होता आम्हाला काहीच नको, आणि रोज नवं पत्र पाठवत होता. जाऊ म्हणाली, "ह्या तिसऱ्याला सगळ्यात जास्त हवंय बघ. तू पण पाण्याच्या वेळी अशीच म्हणायचीस." मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शपथविधीच्या आदल्या दिवशी, दुपारचं जेवण झाल्यावर, मुलाचा परत फोन आला. पेढे संपले होते.

मोठ्या पक्षाने एकच पद देऊ केलं होतं, तेही राज्यमंत्र्याचं. म्हणजे वर एक मोठा मंत्री बसणार आणि हा त्याच्या हाताखाली. चौघांत सगळ्यात ज्येष्ठ जे होते ते पूर्वी मोठे मंत्री राहून चुकलेले. ते म्हणाले, मी खाली उतरणार नाही, मला वगळा. राहिले तिघं: पक्षाच्या अध्यक्षांचा पुतण्या, दुसऱ्यांदा निवडून आलेल्या त्या बाई, आणि मुलाचे साहेब. अध्यक्षांनी हात वर केले. पुतण्याचं नाव घेतलं तर लोक बोलतील, नाही घेतलं तर घरात बोलतील. त्यांनी साहेबांना सांगितलं, बोलणी तुम्ही केलीत, नावही तुम्हीच ठरवा आणि त्या नावाची चिठ्ठी घेऊन संध्याकाळपर्यंत मोठ्या पक्षाकडे जा.

"म्हणजे चिठ्ठी साहेबांच्या हातात आहे, आई," मुलगा म्हणाला. "पण साहेब अडलेत. बाई म्हणतात त्यांच्या जिल्ह्याला आजवर कधी मिळालं नाही. पुतण्या रुसून खोलीत बसलाय. आपल्या विहिरीसारखं झालंय इथं. आजोबा वाटे कसे करायचे ते साहेबांना सांगत होतो, मला नीट आठवेना. सांग जरा."

फोनमधला त्याचा आवाज घुमत होता. घुमतो तेव्हा फोन मोठ्याने लावलेला असतो, एवढं मला कळतं. कोणीतरी ऐकत होतं.

माझ्या सासऱ्यांचा एक नियम होता. घड उतरले की अंगणात दोन वाटे मांडायचे, एक आमचा, एक दिराचा. एका वेळी आम्ही मांडायचे, पुढच्या वेळी त्यांनी. ज्याने वाटे मांडले त्याने आधी उचलायचं नाही. दुसऱ्याने हवा तो उचलायचा, राहील तो मांडणाऱ्याचा. मासे आणले तरी तेच, नारळ पाडले तरी तेच. सासरे गेले, नवरा गेला, दीर गेले, तरी आम्ही दोघी जावा अजून तसंच करतो. विहिरीचं पाणी तेवढं अंगणात मांडता येत नाही, म्हणून त्याच्यावरून भांडलो.

हे मी सांगितलं. मग दुसराच आवाज आला, जड, दमलेला.

"मावशी, नमस्कार. म्हणजे वाटे करणाऱ्याला शेवटी काय मिळायचं?"

"उरेल ते, साहेब."

"आणि इथे तर वाटाच एक आहे."

"मग त्याला काही उरणार नाही."

मग साहेब हसले, "मावशी, तुम्ही फार कडक आहात," म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी खोटं काही बोलले नव्हते. नियम आहे तोच सांगितला. पण साहेब ऐकताहेत हे मला माहीत होतं, त्यांनी ऐकलं तर मुलगा घरी येईल हेही माहीत होतं, आणि मी "तुमचं तिथलं वेगळं असेल" असं म्हणू शकले असते. म्हटलं नाही. जाऊ शेजारी सोपट वळत बसली होती. तिने सगळं ऐकलं आणि हातातली गाठ जरा जास्तच आवळली.

शपथविधीच्या दिवशी सकाळी, ज्यांना मंत्री करायचं त्यांना पंतप्रधानांच्या घरी चहाला बोलावतात. अशी पद्धत आहे हे मला त्या आठवड्यातच कळलं. तोवर कोणाला काही सांगत नाहीत. चहाचा फोन आला तर मंत्री, नाही आला तर घरचा चहा. टीव्हीवाले फाटकापाशी उभे राहून गाड्या मोजत होते. सून स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली. एक गाडी आली, दुसरी आली, आणि तिसऱ्या गाडीत त्या बाई दिसल्या. नवं जाकीट घालून.

सून आत गेली. थोड्या वेळाने भांडी जोरात ठेवल्याचा आवाज आला. नात म्हणाली, "म्हणजे आपण नाही जायचं?" जाऊ म्हणाली, "नाही गं बाय. आता आजीच्या हाताखाली राज्यमंत्री हो." नात हसली. मलाही हसू आलं, पण आतून भांडी ऐकू येत होती म्हणून दाबलं.

मुलगा आठवड्याने आला. पाठीवर पिशवी, हातात कोटाचं खोकं. साहेबांनी कोट त्यालाच देऊन टाकला होता. मापं सारखीच आहेत, मला बघवत नाही, म्हणाले. दोन दिवस मुलगा कोणाशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी वाडीत पाटाचं पाणी वळवताना त्याने विचारलं.

"फोन मोठ्याने लावलाय हे तुला कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मग?"

"मग काय. मला विरारला जायचं नव्हतं."

त्याने फावडं टाकलं. मला वाटलं आता चिडेल, आणि चिडायचा त्याला हक्क होता. पण कुंपणापलीकडून जाऊ ओरडली, कारण तिला सगळं ऐकू येत असतं.

"विरारला कोण जाऊ देणार होतं तुला? घराला कुलूप लागलं असतं तर माझ्याकडे जेवली असतीस. पाण्यावरून भांडायला मला कोण राहिलं असतं?"

हे तिने आधी कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. चार पावलांवरचं घर. एक शब्द विचारला असता तर मी साहेबांना दुसरं काही सांगितलं असतं का? बहुतेक असतं.

मुलाने फावडं परत उचललं. "साहेबांनी चिठ्ठी आधीच लिहिली होती," तो म्हणाला. "बाईंच्या नावाची. फोन केला तेव्हा ती खिशातच होती. तुझं ऐकून फक्त ती बाहेर काढली म्हणतात." हे खरं की मला बरं वाटावं म्हणून, ते मी विचारलं नाही. मला बरं वाटलं, एवढं पुरे.

पुढचं सगळं मुलाकडूनच कळत राहिलं. बाईंच्या वरचा मोठा मंत्री त्यांच्याकडे कित्येक महिने एकही महत्त्वाची फाईल येऊ देत नव्हता. कार्यक्रमांना फिती कापायला मात्र त्यांना पाठवायचा. त्या साहेबांना फोन करून तक्रार करतात, साहेब ऐकून घेतात, आणि हल्ली त्यांना झोप चांगली लागते म्हणे. पुतण्या अजून रुसलेला आहे. सुनेने नोकरी सोडली नाही, आणि नाताळात चर्चमध्ये मिस्सेला नवऱ्याला तो कोट तिनेच घालायला लावला. चांगला दिसला. खांद्यात जरा मोठा आहे.

आता मंत्रिमंडळाचा विस्तार होणार असं अधूनमधून म्हणतात. या वेळी मी मुलाला आधीच सांगून ठेवलंय, बोलावणं आलं तर जा, बायको-मुलीला घेऊन जा, माझं जेवण चार पावलांवर आहे. तो म्हणाला, "आणि साहेबांनी परत सल्ला विचारला तर?" मी म्हटलं, "फोन जाऊबाईकडे दे."

परवा राजेळीचे घड उतरवले. वाटे मांडायची पाळी माझी होती. वाकून वाकून दोन्ही बाजू सारख्या केल्या, एक फणी इकडची तिकडे केली, परत आणली. जाऊ आली, कमरेवर हात ठेवून दोन्हीकडे बघत उभी राहिली आणि डावीकडचा वाटा उचलून चालू लागली.

राहिलेला बघितला. तिचा खरंच मोठा होता.