विमलनं हात वर केला

विमल गेल्याचा तिच्या सुनेचा फोन आला, तेव्हा मी विमलवर रागावलेली होते. महिना उलटला, अजूनही आहे. "मावशी, आई गेल्या... झोपेतच," एवढंच सरिता बोलली आणि पुढे नुसतं रडणं. मी फोन हातात धरून बसले आणि तोंडून पहिलं निघालं ते हे, "पाह्य, पुन्हा न सांगताच गेली." गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहावं म्हणतात. विमलबद्दल गोड लिहायला पुष्कळ आहे, पण गाऱ्हाणंही गिळून टाकणार नाही.

आम्ही दोघी नागपूरकडून लग्न होऊन भिलाईत आलो. दोघींचे नवरे स्टील प्लांटमध्ये, मरोदा वसाहतीत क्वार्टर शेजारी-शेजारी. बुद्धविहारात दर चौदा एप्रिलच्या जयंतीला सगळ्या वस्तीचं जेवण असे आणि त्यासाठी लागणाऱ्या लसणाचं काम आम्हा सहा-सात बायकांकडे. मागच्या टिनाच्या शेडखाली पोतंभर लसूण ओतला जाई. ज्यांनी पोतंभर लसूण सोलला नाही त्यांना कंटाळा म्हणजे काय ते कळायचं नाही. नखं दुखतात, बोटं चुरचुरतात, परात काही केल्या भरत नाही आणि एप्रिलचं ऊन टिनातून थेट डोक्यावर उतरतं. पहिल्या वर्षी मी पळ काढायच्या बेतात होते. विमलनं पदर धरून बसवलं. तिनं नियम काढला, की सोलताना जिची पाकळी तुटेल तिनं माहेरची एक गोष्ट सांगायची. मग काय! पाकळ्या पटापट तुटू लागल्या. कुणाची आत्या विहिरीवर भांडलेली, कुणाचा भाऊ बैलाला घाबरून झाडावर चढून बसलेला... रामटेके वहिनी घरी एरवी तोंड उघडत नसत, तिथं मात्र नवऱ्याच्या चालण्याची नक्कल करून दाखवत. हसता हसता पोतं रिकामं होई आणि आम्हाला वाईट वाटे. "जेवण तिकडं हॉलात होते," विमल म्हणायची, "जयंती तं इथं होऊन राहिली." त्या वाक्यावर विश्वास ठेवून मी वर्षं काढली. माझ्या घरी काय धड होतं, काय नव्हतं, ते सांगत नाही. पण वर्षातला तो एक दिवस माझा होता.

यंदा थंडीत विहारात बैठक झाली. समितीतल्या नव्या पोरांनी मांडलं, की जेवणाचं काम केटररला देऊ. बायकांचं मत विचारलं. मी निर्धास्त होते, विमल शेजारी बसली होती ना. "कोणाकोणाले मंजूर हाय?" अध्यक्षांनी विचारलं आणि सगळ्यांत आधी हात वर गेला तो विमलचा. तिच्या मागोमाग बाकीच्यांचे. माझा एकटीचा मांडीवर राहिला. सख्ख्या बहिणीनं केसानं गळा कापावा तसं झालं मला.

दुसऱ्या दिवशी ती फाटकाशी आली. "कावून बोलून नाही राहिली, पुष्पे?"

"तू मले आधी सांगाचं होतं."

"आधी सांगतलं असतं तं तू रडली असती, अन् माहा हात उठला नसता." मग फाटकाला टेकून म्हणाली, "आपन इतके वर्षं लसूण सोलला. एक तरी भाषण ऐकलं का? नात विचारते, आजी, भाषणात काय सांगतेत? मले काय मालूम? अब सरिताबी तिथंच शेडात बसून राहिली. तिनंबी जिंदगीभर माइकची खरखरच ऐकाची का?"

तिचं म्हणणं खरं होतं, आणि त्यानं राग उतरण्याऐवजी वाढलाच. आम्ही जिथे पोट धरून हसलो ते शेड तिला इतक्या दिवसांपासून खुपत होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता! जयंतीला बायका पांढऱ्या साड्या नेसून हॉलात पुढे बसल्या. विमलनं शेजारची खुर्ची माझ्यासाठी धरून ठेवली होती. मी मुद्दाम मागे बसले. नंतर थोड्याच दिवसांत ती गेली. मला शेडमधून उठवलं, हॉलात आणून बसवलं आणि स्वतः चालती झाली... याला काय म्हणावं?

तिच्या पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेला आम्ही त्याच हॉलात जमलो. सरितानं माझ्या हातात माइक दिला. "मावशी, चार शब्द." मी आयुष्यात पहिल्यांदा माइक धरला. तयारी काहीच नव्हती, मनात होतं तेच ओठांवर आलं. "विमलनं माह्याशी दगा केला," मी म्हटलं. पुढच्या रांगांत नुसत्या बायका होत्या. त्यातली एक खुदकन हसली, रामटेके वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मग मी थांबलेच नाही. तिनं हात वर केला ते सांगितलं, फाटकाशी काय बोलली ते सांगितलं, तिला तोंडावर सुनावायचं राहून गेलं तेही सगळं सांगितलं. तेवढ्यात दारात केटररचा माणूस येऊन उभा राहिला. "मौसीजी, दाल ठंडी हो रही है."

"होऊ दे," मी माइकवरच म्हटलं. "बायका ऐकून राहिल्या."